कवठाचा आवाज

लातूर, मंगळवार संध्याकाळ. शिवरात्रीला अजून चार दिवस.

बाजारातून एक कवठ आणलं. कच्चं की पिकलेलं, मला या वयातही कळत नाही. देवणीच्या मळ्यात आमचं झाड होतं तेव्हा आई कवठ कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकायची आणि नुसता आवाज ऐकायची. पिकलेल्याची गूळ-मिरची घालून चटणी. कुणाचं पोट बिघडलं, तर कच्च्याचा गर ताकात कालवून. मला चटणीचीच हाव. न थांबता मी कच्चंच फोडायचो.

आता आई भावाकडं असते आणि माणसं विसरायला लागलीय. आज फोन केला.

"कोण बोलायलंय?"

नाव सांगितलं.

"न्हाई बाबा, वळखत न्हाई."

काय सुचलं कुणास ठाऊक, फोन फरशीजवळ धरला आणि कवठ टाकलं. टण्ण! उसळून पार सोफ्याखाली गेलं.

 पलीकडून आई खेकसली, "कच्चं हाय ते! चार दिस उन्हात ठेव. आन् फोडू नको लगेच. लहानपणापासनं तुला लई घाई."

कवठ खिडकीत ठेवलंय. या वेळी थांबणार.