चेंडू रेषेवरच होता

मी, शमुवेल आकाराम रणभिसे, वय ७१, निवृत्त ड्रिल मास्तर, राहणार गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, माझ्या माघारी वाद नको म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. साखर सोडली तर प्रकृती ठीक आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही, म्हणून तो जोडलेला नाही.

१. माझे दफन पत्नी करुणा हिच्या शेजारी करावे. पेटीवर तालमीचा झेंडा घालू नये. कारण कलम चारमध्ये आहे.

२. पोस्टातली ठेव, करुणाचे शिलाई मशीन, माझे पवित्र शास्त्र आणि घराची मागची खोली मुलगी सुवार्ता हिला द्यावी. ती मिरजेला नर्स आहे. दर रविवारी फोन करून जेवलात का म्हणून विचारते. मी हो म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरे असते.

३. सायकल, हवेचा पंप, शिट्टी आणि जाळ्यातले सहा चेंडू शाळेला द्यावेत. छताचा पंखा मी मंडळीच्या हॉलला देणार होतो. पण कमिटीने चर्चच्या आवारात पोरांना खेळायला बंदी केली. खिडकीची एक काच फुटली होती, तीसुद्धा मी बसवून दिली होती. तेव्हा पंखाही शाळेलाच द्यावा. कमिटीने उकाडा सोसावा.

४. आता मूळ मुद्दा. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा मी तीस वर्षे कोच होतो. तालमीत मारुतीचा फोटो, मी ख्रिस्ती. कोणाचे काही अडले नाही. मॅच जिंकली की पोरे एकमेकांना गुलालात बुडवत. मला मात्र कोणी लावत नसे. मास्तरांच्यात चालत नाही, असे मान ठेवूनच म्हणत. मी पांढराशुभ्र शर्ट घेऊन एकटा घरी येत असे. ते मला खुपत असे, हे आज पहिल्यांदा लिहितो.

आमच्या घरात शपथ घेत नसत. होय म्हटले की होय, नाही म्हटले की नाही, एवढेच वडिलांनी शिकवले. त्याची पेठेत ख्याती झाली. विरुद्ध तालमीचे लोकही कशावरून भांडण झाले तर मला विचारायला येत.

१९९८ च्या एप्रिलमधल्या फायनलला, अगदी शेवटी, आमच्या फॉरवर्डने मारलेला हेडर समोरच्या गोलकीपरने अडवला. गोलकीपर म्हणजे ज्ञानू जोतीराम खोत. शाळेत असताना मीच त्याला पहिल्यांदा गोलात उभे केले होते. आमचे लोक गोल झाला म्हणत होते, त्यांचे लोक नाही म्हणत होते. लाइन्समनच्या पुढे प्रेक्षक घुसल्याने त्याला काही दिसले नव्हते. मी नेहमीसारखा कॉर्नरच्या झेंड्याजवळ, बरोबर रेषेत उभा होतो. कोचला विचारणे नियमात बसत नाही. पण ज्ञानूच रेफरीला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला. “मास्तरास्नी इचारा,” म्हणाला, “ते खोटं बोलत न्हाईत.”

चेंडू रेषेवरच होता. पलीकडे गेला नव्हता. गोल झाला का, असे रेफरीने विचारले. मी होय म्हणालो.

ज्ञानूने रेफरीची कॉलर धरली. खरे तर माझी धरायला हवी होती. फुटबॉल संघटनेने त्याला पाच वर्षे बाद केले. खेळाडू म्हणून लागणार होती ती नोकरी गेली. आज तो कबनूरला यंत्रमागावर आहे आणि भाड्याच्या खोलीत राहतो.

त्या संध्याकाळी पोरांनी मला गुलाल लावला. मला बरे वाटले. करुणाने तो शर्ट तीनदा धुतला, तरी कॉलर गुलाबीच राहिली. तिने विचारले, काय झाले? जिंकलो, एवढेच मी म्हणालो.

त्यानंतर हळूहळू मला काही वाटेनासे झाले. २००३ साली करुणा गेली. लोक रडत होते आणि मी पेटीची एक कडी सुताराने वाकडी बसवली आहे, एवढेच बघत होतो. प्रार्थनेत ओठ हलतात. नऊ वर्षे मी प्रभुभोजन घेतलेले नाही. पाळकसाहेबांना साखरेचे कारण सांगितले. घोटभर द्राक्षरसाने साखर किती वाढते, हे त्यांनी विचारले नाही.

५. घराची रस्त्याकडची खोली ज्ञानू जोतीराम खोत याला द्यावी. सुवार्ताला हे कळवले आहे आणि तिची हरकत नाही. त्याने खोली घेतली नाही किंवा त्याला ती मिळू शकली नाही, तर ती सुवार्ताला जावी.

६. तालीम या हंगामापासून माझ्या नावाचा चषक ठेवणार आहे. तो ठेवू नये. येत्या रविवारी मी स्वतः तालमीत जाऊन कलम चार मोठ्याने वाचणार आहे. मरेपर्यंत थांबणे म्हणजे पुन्हा गप्प बसणेच झाले.

७. सही करण्यापूर्वी आज जे घडले तेही नोंदवतो. तालमीचे सेक्रेटरी हंबीरराव साक्षीदार म्हणून आले होते. कलम चार वाचल्यावर त्यांनी चष्मा काढला. “मास्तर, गप बसा की,” म्हणाले. “तुमच्या एका शब्दावर आमचा कप हाय.” त्याच शब्दासाठी हे सगळे चालले आहे, असे मी म्हणालो. ते चहा तसाच ठेवून, सही न करता गेले.

ज्ञानूलाही मी बोलावले होते. तो उशिरा आला. त्याने कलम चार दोनदा वाचले.  मग तो कागदाकडे बघतच म्हणाला, “कॉलर धरली तवा मला खात्री व्हती. मागनं वाटाय लागलं, मास्तर कशाला खोटं बोलतील? माझंच डोळं फसलं असतील. नऊ वर्सं मी तसंच धरून चाललोय.”

मी त्याची नोकरी घालवली हे मला माहीत होते. त्याचे डोळेही मीच काढून घेतले होते, हे माहीत नव्हते. नऊ वर्षांनी मला काहीतरी वाटले. ती लाज होती.

पहिल्या साक्षीदार म्हणून आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, दुसरा साक्षीदार उद्या आणू. ज्ञानूने विचारले, मी सही केली तर? त्यांनी समजावून सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली तर खोली जाईल. पुन्हा विचार कर, असे मीही म्हणालो.

“जाऊ द्या खोली,” तो म्हणाला. “सही माझीच पायजे.”

मला माफ केले असे तो म्हणाला नाही. मीही विचारले नाही.

वरील सर्व मजकूर खरा आहे. होय.

ठिकाण: गडमुडशिंगी
दिनांक: २२ नोव्हेंबर २००७

मृत्युपत्र करणार: शमुवेल आकाराम रणभिसे (सही)

आम्हा दोघांसमक्ष मास्तरांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १: ॲड. विद्याश्री शिवय्या स्वामी (सही)
व्यवसाय: वकिली

साक्षीदार २: ज्ञानू जोतीराम खोत (सही)
व्यवसाय: गोलकीपर

टीप: साक्षीदार दोन यांच्या व्यवसायापुढे मी आधी ‘यंत्रमाग कामगार’ लिहिले होते. ते त्यांनी स्वतः खोडून दुरुस्त केले आहे. एक खाडाखोड, मला मान्य. श. आ. र.