तिसरी पिन

आबा,

मे महिन्यात मी साताऱ्याहून माहेरी सांगलीला आले, की सकाळी आपण दोघं परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचो. माती कोरडी पडली की वीज जमिनीत नीट उतरत नाही, म्हणून. मग सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकावर, यंत्राच्या अंगात उतरलेली वीज त्या खड्ड्यात नेणाऱ्या अर्थिंगच्या भोकावर, बोट ठेवून तुम्ही विचारायचात, "ही पिन लांब कशापायी? आधी ही आत जाती, मग करंटच्या दोन. निघताना हीच शेवटी. कॉन्व्हेंटात शिकवलं न्हाई व्हय?"

ब्याण्णव-त्र्याण्णवचा तो उन्हाळा. काकांच्या हळदीच्या गोदामात हळकुंडं घासून पॉलिश करायचा विजेवरचा नवा ड्रम आला होता. जुन्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून तुमच्या या धाकट्या भावानं तिसरी पिन करवतीनं कापून टाकली. आपण डबा घेऊन पोचतो तर काका ड्रमच्या लोखंडी सांगाड्याला चिकटलेले, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी त्यांना धरायला धावते आणि तुमची लाथ माझ्या कमरेत बसते. मी पोत्यांवर आपटते. बटण त्यांच्या पाठीमागे. तुम्ही फावड्याचा लाकडी दांडा उचलून त्यांच्या मनगटावर मारता. हात सुटत नाही. पुन्हा मारता. ड्रमच्या खडखडाटातही मला हाड मोडलेलं ऐकू येतं.

हात सुटला तसं तुम्ही बटण बंद केलंत. काकांना श्वास आला, पहिलं वाक्य, "चालत हुतं की, दादा." तुम्ही त्यांच्या थोबाडीत मारलीत आणि त्याच दांड्यानं बोर्डाचा चुरा केलात.

त्यांचा उजवा हात वाकडाच राहिला. भावानं मारून हात मोडला, असं ते बाजारभर सांगत फिरले. तुम्ही पिनेबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. "लोक हसतील त्याला," एवढंच आईला म्हणालात. तुम्हा भावांमधला अबोला तुम्ही गेलात तेव्हाच संपला.

परवा काकांनीच विषय काढला. "पिन म्या कापली हुती. त्यानं का न्हाई सांगितलं गं कुणाला?"

"तुम्हाला लोक हसले असते म्हणून."



हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगते. कमरेवरचा तो काळानिळा डाग सासरी कुणी पाहिला, तर मी जिन्यावरून पडले म्हणायचे. मला वाचवणारी तुमची लाथ मला कुणाच्या तोंडी द्यायची नव्हती.

तुमचा टेस्टर आणि पक्कड माझ्या लेकीला. शिडी शेजारच्यांना. मनगटी घड्याळ काकांना. त्यांना पट्टा लावता येत नाही, तो मी सांगलीला जाऊन लावून देईन.