मैदानाच्या विहिरीबाबत

मी, आप्पासो केदारी जगदाळे, वय त्रेसष्ट, धंदा शेती, राहणार सांगली, हा कागद माझ्या मरणानंतर वाचावा म्हणून विष्णुपंत वकिलांच्या हातून लिहून ठेवतो. परवा मंगळवारी मिरजेच्या इस्पितळात माझ्या पोटावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर माझ्याशी हसून बोलतात आणि घरच्यांशी बाजूला नेऊन बोलतात, त्यावरून काय ते मी समजलो. माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून घरातूनच दोनदा सांगून झाले. याआधी केलेले कागद रद्द समजावेत.

१. राहते घर, दोन म्हशी आणि पोस्टात जे काही असेल ते पत्नी चंद्राबाई हिला. ती जिवंत आहे तोवर घरात तिचाच शब्द चालावा. चाळीस वर्षांत तिने मला एकदाच तोंडावर सुनावले. तेव्हा ऐकले असते तर हा कागद दोन ओळींत आटोपला असता.

२. नदीकाठचा सगळा ऊस, बैलजोडी आणि गुऱ्हाळाची कढई मुलगा नानासो याला. शेती तो माझ्यापेक्षा चांगली करतो, हे मी त्याला कधी बोललो नाही, ते इथे लिहितो. मात्र मैदान आणि विहीर त्याला नाही. का नाही, ते कलम चार आणि पाचमध्ये आहे. ते वाचून त्याने कपाळाला हात लावला तर लावू द्यावा.

३. माझा पत्र्याचा कर्णा कोणालाही देऊ नये. कॉलेजच्या फुटबॉल सामन्यांना बांधावर उभा राहून मी याच्यातून ओरडत असे, इतका की दुसऱ्या दिवशी बैलांना हाक मारायला आवाज उरत नसे. संघाच्या आमच्या हितचिंतक मंडळाचे तात्या तो मागतील. तात्यांनी एका खेळाडूला भर मैदानात 'बायकी' म्हटले, तेव्हा मी हसलो होतो. देऊ नये.

४. आता विहीर.

कॉलेजच्या शेजारची माझी सव्वादोन एकर पडीक जमीन मी मुलांना फुटबॉल खेळायला दिली, कारण नानासो कॉलेजच्या संघात खेळला आणि मी स्वतः चौथीपुढे गेलो नाही. मैदानाच्या पश्चिम अंगाला आमची विहीर आहे. तिच्यावर दोर आणि पोहरा कायम असावा, पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये, ही आमच्या घरची रीत. बत्तीस साली मी तो दोर सर्व जातींच्या हाती दिला. त्यापायी भावकीने मला दोन वर्षे वाळीत टाकले. त्याचा मला फार गर्व होता.

त्रेचाळीस साली कॉलेजने संघाला शिकवायला शिर्के सरांना आणले. पलटणीत खेळलेला माणूस, पाठ ताठ, बोलणे कमी. आम्ही मंडळाने त्यांना हार घातला. आठ दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आप्पासो, तुमची विहीर माझ्या संघाची वैरी आहे. पाणी पोटात गेलं की पाय जड होतात आणि मन ढिलं पडतं. सराव संपेपर्यंत दोर काढून ठेवा." शिकलेला माणूस, त्यातून लष्करातला. मी दोर काढला. संध्याकाळी चंद्राबाई म्हणाली, "आवं, पानी न्हाई म्हनू नये मानसाला. कसली ही शाळा?" मी तिला म्हणालो, "तुला खेळातलं काय कळतंय?"

तीन हंगामांत आम्ही दोन सामने जिंकलो. त्यातला एक समोरचा संघ आलाच नाही म्हणून. प्रत्येक पराभवानंतर मंडळ बांधावर बसून धडा काढत असे. पहिल्या वर्षी धडा निघाला की पोरे फार खातात. दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी खिशात ओला रुमाल सापडला, तो चोखत होता म्हणे, तेव्हा धडा निघाला की पोरे चोरून पाणी पितात आणि शिस्त अजून कमी पडते. त्या दिवसापासून दोर नुसता काढणे पुरेना. तो मी घरी नेऊन कुलपात ठेवू लागलो. हे मला कोणी सांगितले नव्हते, माझ्या मनाने केले.

पंचेचाळीसच्या आश्विनात, पाऊस उघडून ऊन भाजून काढत होते, तेव्हा कृष्णात पवार सरावाला आला. हा कुंडलच्या जोतीराम पवारांचा थोरला. वसतिगृहात राहून शिकत होता, पळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सरांनी त्या दिवशी मैदानाला चाळीस फेऱ्या सांगितल्या. कृष्णात माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आप्पासो, वाईच पानी द्या की. तोंड चिकाटलंय." मी म्हणालो, "सरांना विचार." तो गेला नाही, पुन्हा पळू लागला. पुन्हा आला. मी तेच म्हणालो. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला घाम येत नव्हता, अंग कोरडे होते आणि मला तो "आबा" म्हणाला. आबा म्हणजे त्याचा बाप. दोर माझ्या घरात होता, घर दोनशे पावलांवर. मी गेलो नाही. शिट्टी वाजायला थोडाच वेळ होता.

तो विहिरीच्या कठड्यापाशी पडला. ज्ञानू, जो तेव्हा संघाचा गोलकीपर होता, त्याने आणि मी त्याला टांग्यात घालून मिरजेला नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. जोतीराम कुंडलहून आला तो इस्पितळाच्या पडवीत, आणि त्याने पहिला प्रश्न मला केला, "पोराला पानी पाजलं व्हतं का?" मी म्हणालो, "पोटभर पाजलं. माझ्या हातानं." त्याने माझे पाय धरले. मी धरू दिले.

हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. ज्ञानूला माहीत होते. त्याने मला कधी विचारले नाही आणि त्या दिवसानंतर आमच्या घरी चहाही घेतला नाही.

५. शिर्के सर त्या वर्षी सोडून गेले. मला वाटले, संपले. संपले नव्हते. गेल्या महिन्यात मंडळाची बैठक झाली. विषय, सरांच्या त्या तीन वर्षांतून आपण काय शिकलो. मी कोपऱ्यात बसून होतो, पोटात कळ येत होती. एकाने म्हटले, संघ बांधायला पाच वर्षे लागतात, आपण तिसऱ्या वर्षीच हातपाय गाळले. तात्या म्हणाले, पवारचा पोरगा मुळातच नाजूक होता, एका नाजूक पोरापायी सरांसारखा माणूस घालवला. आणि माझा नानासो, मंडळाचा चिटणीस, उभा राहून म्हणाला, "आमी सरांच्या मागं उभं ऱ्हायलो न्हाई, ह्योच धडा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन पोरे संघातली होती, तीही वाजवत होती. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या फिरला तेव्हा त्या दोघांनी तो न पिता पुढे सरकवला आणि एकमेकांकडे बघून हसली. ते पाहून मला जे भय वाटले ते शस्त्रक्रियेचेही वाटत नाही.

नानासोने सरांना परत बोलावणारे पत्र धाडले. शिर्के सरांचे उत्तर आले आहे, ते एक जूनला येतात. शुक्रवारी मी काठी टेकत विहिरीवर गेलो, तर दोर जागेवर नव्हता. नानासोला विचारले. म्हणाला, "वाळत घातलाय." भर उन्हाळ्यात दोर वाळत कोण घालतो? नानासो वाईट माणूस नाही. मी जसा नव्हतो तसाच तो नाही, आणि हेच मला झोपू देत नाही. मी मिरजेहून परत आलो नाही तर आश्विनात त्या कठड्यापाशी पुन्हा कोणीतरी पडेल.

६. म्हणून: मैदान कॉलेजकडे खेळण्यासाठीच राहावे, विकता येणार नाही. विहीर, तिच्या भोवतालची पाच गुंठे जागा आणि तिथवर जाण्यायेण्याची वाट मी जोतीराम बाळू पवार, राहणार कुंडल, यांना देतो. आज, माझ्या हयातीतच, ताबाही देतो. विहिरीवर दोर असावा की नसावा हे यापुढे फक्त तेच ठरवतील. कॉलेज, मंडळ, माझा मुलगा किंवा कोणी सर यांचा त्यात काडीचा संबंध नाही. नानासोने याला हरकत घेतली तर कलम दोनमधील ऊस मुलगी अंजना हिला जावा.

७. हे जोतीरामच्या माघारी लिहिणे म्हणजे पुन्हा तोच भेकडपणा. म्हणून आज सकाळी त्याला बोलावून घेतले. साक्षीला ज्ञानू आला होता. विष्णुपंत वकिलांनी कलम चार त्याला मोठ्याने वाचून दाखवले. मी त्याच्या पायांकडे बघत होतो, तोंडाकडे बघवेना. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "पोरगं पानी पिऊन गेलं, आसं म्या कारभारनीला रोज सांगतूय. दीड वरीस झालं. तेवढ्यावर दोन घास खाती ती."

मी माफी मागायला तोंड उघडले. त्याने हात वर केला. मला वाटले मारतो, तर तो फक्त थांब म्हणत होता. विष्णुपंतांनी विचारले, "जोतीराम, विहीर स्वीकारतोस ना?"

"घेतो की," तो म्हणाला. "ते सर कोनच्या दिशी येनार?"

"एक तारखेला," ज्ञानू बोलून गेला.

"मग म्या एकतीसलाच येतो हितं ऱ्हायला."

एवढे बोलून तो उठला आणि कुंडलच्या वाटेला लागला. जाताना माझ्याकडे त्याने बघितले नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटते. विष्णुपंतांनी लेखणी खाली ठेवून विचारले, "आप्पासो, कलम सहा बदलायचं का? अजून सही झालेली नाही." मी थोडा वेळ विचार केला आणि नाही म्हणालो. विहिरीवर कोण वाट बघत असेल ते शिर्के सरांना कोणाला कळवायचे असेल तर त्याने कळवावे. मी कळवणार नाही.

वरील सगळा मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.

आप्पासो केदारी जगदाळे
(सही)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत आप्पासोंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार:
१. विष्णुपंत गणेश सोवनी, वकील, सांगली (सही)
२. ज्ञानू मारुती धुमाळ, सांगली (सही)

मुक्काम सांगली, रविवार ता. २५ मे १९४७