टाकीमागचा रुसवा

सोलापूर,
ऐन लग्नसराई

ती. दाजी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो, पण उजव्या गुडघ्याला धक्का न लावता. तेल चोळता का, की बाटली अजून फडताळातच आहे? ज्वारी घरात आली असेल. अक्काचं बीपी, म्हशीचं दूध आणि तुमचा राग, तिन्ही मापात असतील अशी आशा करतो. (अक्का, पाकीट तूच आधी फोडणार हे मला माहीत आहे. वाच, पण नंतर त्यांनाही दे.) आमच्याकडे सगळे मजेत. उन्हाळ्यामुळे लोकांच्या पाण्याच्या मोटारी भराभर जळतायत, त्यामुळे माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानाला बरकत आहे. फोनवर तुम्ही "हां हां, बोलू की" म्हणून ठेवून देता आणि व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवता, म्हणून पत्र लिहितो आहे.

तुमच्या मंगळवेढ्याच्या भांडेवाल्या पाहुण्यांनी तुमच्या कानावर घातलंच असेल की तुमचा मेहुणा परक्याच्या लग्नात फुकट जेवला आणि वर रुसूनही बसला. यातलं फुकट जेवल्याचं साफ खोटं आहे.

झालं असं. लोक आपल्या आवडत्या बँडसाठी पुण्या-मुंबईला जातात, तिकीट काढतात, मनगटाला पट्टी बांधून आत जातात म्हणे. माझा आवडता बँड बार्शीचा, जालिंदर मास्तर आणि पार्टी. त्यांचा कार्यक्रम नाट्यगृहात होत नाही, कुणाच्या तरी लग्नात होतो. आणि माझ्या ओळखीतली माणसं एक तर लग्नं उरकून बसलेली आहेत, नाहीतर डीजे लावणारी आहेत. त्यामुळे मी मास्तरांना फोन करून विचारत असतो, सोलापुरात कधी येताय? परवा त्यांचा आपणहून फोन आला. म्हणाले, "अक्कलकोट रोडच्या कार्यालयात हाय संध्याकाळी. येऊन जावा, शिवराज. पुढच्या सालचं काय खरं न्हाय. पोरं डीजेच्या गाडीवर चाललीत. ह्या सीझनला चार जागी बोलावलं तर ठीक, न्हायतर क्लॅरोनेट पेटीत ठिवायचा." दाजी, मला लई वाईट वाटलं. हातातली मोटार तशीच टाकली आणि दाढी करायला गेलो.

घरी बायकोला सांगितलं, लग्नाला चाललोय. "कुणाच्या?" या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, बँडवाल्यांचं बोलावणं आहे (हे खरंच होतं). ती म्हणाली, "मग रिकाम्या हातानं जाऊ नका," आणि टॉवेल-टोपी पिशवीत घालून दिली. आपल्या गावात माणूस एक वेळ चप्पल विसरेल, टॉवेल विसरणार नाही.

कार्यालयाबाहेर पोचलो तर बँड उभा. नवरदेवाला देवळात नेऊन आणायचं होतं. मुलाकडचे सोलापूरचे, मुलीकडचे अक्कलकोटच्या बाजूचे, घरात कानडी बोलणारे. मास्तरांनी मला पाहिलं, भुवई उडवली आणि वरचा सूर असा लावला की घोडं आपणहून तालात चालायला लागलं. मी बँडच्या पुढे. मला नाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे; मी फक्त मास्तरांकडे तोंड करून उलटा चालत होतो आणि हात हलवत होतो. त्यावरून वऱ्हाडाचा समज झाला की हा कुणीतरी फार जवळचा माणूस आहे. वाटेत एकाने पकडून माझ्या डोक्याला फेटा बांधला. मी कुणाचा कोण हे त्याने विचारलं नाही. मुलाकडच्यांना मी मुलीकडचा वाटलो आणि मुलीकडच्यांना मुलाकडचा. मलाही त्या वेळी फार फरक पडत नव्हता.

पण दारात आलो, नवरदेव उतरला आणि डीजेवाल्याने बटण दाबलं. दाजी, माझ्या दुकानात जळक्या मोटारी घरघरतात, त्यांचीसुद्धा त्यापेक्षा बरी लय असते. बँडला सांगितलं, तुमचं काम झालं, मागे जाऊन जेवून घ्या. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, पाठवणीसुद्धा डीजेवरच होणार असं ठरलेलं. मास्तर आणि त्यांची माणसं पाण्याच्या टाकीमागे पत्रावळी घेऊन बसली. मीही एक खुर्ची ओढली, मांडवाकडे पाठ केली आणि तिथेच बसलो. मास्तरांना असं मागे बसवलेलं बघून जेवावंसं वाटेना. तेवढ्यात एक वाढपी आला, "जेवलासा का?" मी आपला मनातलं बोललो, "मला न्हाय जेवायचं."

झालं. डोक्याला फेटा, मांडवाकडे पाठ आणि तोंडात "न्हाय जेवायचं." आपल्याकडे याचा एकच अर्थ होतो. मानाचा पाहुणा रुसला!

पहिल्यांदा मुलीचे वडील आले, मल्लिकार्जुनअण्णा. सज्जन माणूस, घामाघूम झालेला. हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, आमच्या मानपानात काय चुकलं? पदरात घ्या." मी "न्हाई हो" म्हणून मान हलवली, ते आणखी घाबरले. त्यांनी घाईघाईने टॉवेल, टोपी आणि नारळ आणवला. (माझ्या पिशवीतला टॉवेल आणि हा टॉवेल एकाच छापाचे निघाले.) मग शिवम्मा नावाच्या त्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाई आल्या आणि माझी हनुवटी धरून "बर्री, ऊटा माड्री" म्हणायला लागल्या. मला कानडी येत नाही, पण जेवा म्हणतायत एवढं कळलं. तोवर मुलाकडचे आले, मुलीकडचा माणूस आपल्यामुळे रुसला या भीतीने. नवरदेवाचे काका म्हणाले, "डीजेचा तरास झाला का? बोला की मोकळं!"

आता तुम्ही म्हणाल, शिवराज, तिथेच खरं सांगून मोकळा का नाही झालास? सांगणार होतो, देवाशपथ. पण मास्तरांकडे पाहिलं. ते भाताचा घास हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "पाठवणी बँडवर झाली पायजे. मास्तर वाजवतील. मग जेवतो."

डीजे बंद झाला. एवढी शांतता पडली की आचारी बाहेर येऊन बघायला लागला. आणि मास्तरांनी हात धुऊन पाठवणीची चाल लावली, तीच, दाजी, जी तुमच्या लग्नात लावली होती. अक्काला तुम्ही घेऊन निघाला होतात आणि मी रडायचं नाही म्हणून खांबाला धरून उभा होतो. मास्तरांनी तो खालचा सूर लावला आणि माझा खांब सुटला. त्या दिवसापासून मी त्यांचा आहे. परवाही तसंच झालं. मल्लिकार्जुनअण्णा रडले, शिवम्मा रडल्या, डीजेवाला चष्मा पुसत होता. मी तर सगळ्यांत मोठ्याने. ती पोरगी सगळ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापाशी आली, वाकली. मी कोण हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी रहा म्हणालो आणि मनापासून म्हणालो. माझ्या पिशवीतला टॉवेल-टोपीचा आहेर मी तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. म्हणजे मी फुकट जेवलेलो नाही.

अक्काला नमस्कार, रेश्माला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा एकुलता एक मेहुणा,
शिवराज

ता. क. गूळ घालून केलेली गव्हाची हुग्गी फार छान होती. तीन वेळा घेतली.

दुसरा ता. क. रेश्माच्या लग्नाला डीजे ठरवलाय असं कानावर आलं. तुमची लेक, तुमची हौस, मी बोलणारा कोण? फक्त आठवण करून देतो की स्वतःच्या लग्नात तुम्ही याच मास्तरांच्या क्लॅरोनेटवर घोड्यावरून उतरून नाचला होतात आणि त्याच दिवशी तो गुडघा गेला. घरात सगळ्यांना तुम्ही बैलाने मारल्याचं सांगता. अक्काने मला शपथ घातली आहे, म्हणून मी अजून कुणाला बोललेलो नाही.

तिसरा ता. क. मास्तरांना मी तुमच्या नावाने सुपारी देऊन टाकली आहे. तुम्हाला ती परत घ्यायची असेल तर घ्या. पण परवा मी कुणाचाच कोण नव्हतो तरी दोन्हीकडचं वऱ्हाड माझी समजूत काढायला आलं. तुमच्याकडे तर मी नवरीचा सख्खा मामा आहे. मंगळवेढ्यात रेश्माच्या लग्नाला घेतलेल्या कार्यालयातही मागे पाण्याची टाकी आहे, मी जाऊन पाहून आलो. खुर्ची तिथेच टाकून बसेन. समजूत काढायला येताना टॉवेल-टोपी आणू नका, मास्तरांना घेऊन या.