पक्कड कोणाच्या हातात होती

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा बॉयलर-दुरुस्तीचा, तो आता बंद. डोके ताळ्यावर आहे. कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोडही बोललेले नाही. आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते का, हे मुलांना कळले पाहिजे.

त्यात असे होते की माझ्यामागे मुलाने आणि मुलीने वकीलबाईंकडे एकेक बंद पाकीट द्यावे. आत एकच शब्द: ठेवू किंवा विकू. दोघांनी 'ठेवू' लिहिले तर घर दोघांचे. एकानेच 'विकू' लिहिले तर सगळे त्याचे. दोघांनी 'विकू' लिहिले तर कोणालाच काही नाही. तीन वर्षे ती दोघे एकमेकांचे तोंड बघत नाहीत, तेव्हा कोण किती पाण्यात आहे ते एकदा दिसू दे, असे मनात होते. वकीलबाईंनी वाचून कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "काका, पोरांना तुम्ही त्याच दोन खोल्यांत बसवताय." मी कागद परत मागून घेतला.

दोन खोल्यांचे असे. मी आणि मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भागीदार होतो. एका धुलाईखान्याच्या बॉयलरची झडप सारखी उडून वाफ सोडायची. मालकाला काम थांबवायचे नव्हते, म्हणून आम्ही ती तारेने आवळली. तार मेहुण्याने धरली. पीळ मी दिला, पक्कड माझ्या हातात होती. चौथ्या दिवशी बॉयलर फुटला आणि चादरींच्या घड्या घालणारी एक बाई गेली.

ढिगाऱ्यात तार सापडली नव्हती. दोघांनी तोंड उघडायचे नाही, असे आमचे ठरले होते. तसे राहिलो असतो तर निष्काळजीपणाच्या दंडावर सुटलो असतो. पोलिसांनी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. अधिकारी मला म्हणाला, "जो आधी लिहून देईल तो घरी जाईल. पलीकडे तुमचा मेहुणा पेन मागतोय." वीस मिनिटांत मी लिहून दिले की झडप त्याने बांधली. मेहुण्याने पेन नव्हे, पाणी मागितले होते. माझा जबाब दाखवला तेव्हा तो म्हणाला, "दाजी असं करणार नाहीत. हे अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी आहे." तो साडेपाच वर्षे आत होता. बायकोने संसार मोडला नाही. माझ्याशी बोलणे तेवढे बंद केले, ते शेवटपर्यंत.

कलम एक. घराचे दोन वाटे मुलीने पाडावेत, मुलाने आधी निवडावा. उरलेला वाटा आपल्याला येणार हे ठाऊक असले की वाटे पाडणारा हात सरळ चालतो. याला विश्वास लागत नाही. तो मी या घरात शिल्लक ठेवलेला नाही. हे काम दोघांनी पुढच्या खोलीत, एकाच टेबलाशी बसून करावे. पाकिटे नकोत, निरोप नकोत.

कलम दोन. बँकेतली ठेव बॉयलर फुटून गेलेल्या त्या बाईच्या मुलीला. ती नाही म्हणेल. वकीलबाईंनी पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे, त्याच्या पुढच्या वर्षीही. धुलाईखान्याच्या मालकाला काही नाही. तो माझ्याआधी झोपेत, आरामात गेला, याचा मला अजून राग आहे.

कलम तीन. लेथ, सगळी हत्यारे आणि ती पक्कड मेहुण्याला. ती मी त्यानंतर वापरली नाही, गंजूही दिली नाही.

सहीआधी स्वतःच्या हाताने आणखी थोडे लिहितो. साक्षीला डॉक्टर आणि शेजारी आले आहेत. मेहुण्यालाही बोलावले होते. एकतीस वर्षांनी तो या घरात आला. दाराशी उभे राहून त्याने सगळे ऐकले. मग वकीलबाईंना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का?"

"नाही. साक्षीची सही केलीत की तुमचं कलम तीन गेलं."

त्याने शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बसा."

मी हे लिहितो आहे आणि तो माझ्या हातातल्या पेनासाठी हात पुढे करून उभा आहे. कलम तीन मी खोडलेले नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: १४ मार्च, सकाळी अकरा

लिहून ठेवणारा: सही
साक्षीदार पहिला: डॉक्टर, सही
साक्षीदार दुसरा: मेहुणा, सही. कलम तीन ऐकून, समजून.