आईच्या आवाजामागचं इंग्रजी

बालोंग, पोनोरोगो
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय आई,

तुला माझा सलाम, आजीचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत. आजीचा गुडघा दुखतो, पण बाजारात जायचं म्हटलं की दुखायचा थांबतो. बाबांना शाळेच्या दारांचं काम मिळालंय, अंगणभर भुसा पडलाय. तुझी पपई फळांनी वाकलीय.

कागदावरचं पत्र बघून तू दचकशील. सार्मीमावशीची सुट्टी संपली, ती मंगळवारी सिंगापूरला परत निघते. तुझा सुट्टीचा रविवार पुढच्या आठवड्यात येतो, तेव्हा बागेत भेटून ती हे तुझ्या हातात देईल. फोनवर का लिहिलं नाही, ते पुढे कळेल. तुझ्या कामाच्या घरी तुझा फोन रोज रात्री मॅडमकडे जमा होतो आणि ती आपले निरोप भाषांतर करून वाचते, हे तूच हसत हसत सांगितलं होतंस. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

आधी अभ्यासाचं सांगते. या वर्षी हार्तिनीबाईंनी वर्गात इंग्रजी शिकवणं जवळजवळ सोडूनच दिलंय. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पुस्तक मी निवडायचं, बोलायचं मी, मग इंग्रजीसुद्धा माझंच राहतं. तुमचं तुम्ही शोधा. जे आवडेल ते रोज ऐका आणि काय कळलं, काय नाही कळलं, ते मला लिहून द्या." कुणी फुटबॉलचं समालोचन घेतलं, कुणी गाणी घेतली. मी तुला घेतलं.

आठवतंय ना, एप्रिलमध्ये तुला सांगितलं होतं? तू स्वयंपाकघरातून निरोप बोलून पाठवतेस, तेव्हा तुझ्यामागे मॅडमचं घर बोलत असतं. तू आजीला औषध घ्यायला बजावत असतेस आणि मागे मॅडम फोनवर कुणाशी तरी भांडत असते. खरी माणसं, खरं इंग्रजी, तेही फुकट. तू म्हणाली होतीस, "मेली चोरटी! आईचं सोडून मॅडमचं ऐकते!"

सुरुवातीला नुसता गोंगाट ऐकू यायचा. मॅडम वाक्यातले निम्मे शब्द गिळते. तिच्या बोलण्यात 'ती' नाही, 'ते' नाही, कुणाबद्दल बोलतेय ते आपण ओळखायचं. मी एकच तुकडा वीस वीस वेळा ऐकायची. चार शब्द कळले की उड्या मारायची. एकटीने शिकण्यात एक मजा असते, आई. चुकलं तर हसणारं कुणी नसतं. पण चुकलं हे सांगणारंही कुणी नसतं. याचा अर्थ मला गेल्या महिन्यापर्यंत कळला नव्हता.

जूनमधला तुझा एक निरोप आहे. तू पपईला राख घालायला सांगतेस आणि मध्येच एकदम मोठ्याने हसतेस. तुझ्या हसण्याखाली मॅडम काहीतरी बोलते. मी तेव्हा लिहून दिलं होतं, "मॅडमकडचा लॅम्प बिघडला आहे. तो —— मध्ये पुन्हा तपासायला हवा. आत्ता वेळ नाही. नवीन वर्ष झालं की परत पाठवून देऊ, तिकडेच करू देत." एक शब्द लागला नव्हता, तिथे रेघ मारली. हार्तिनीबाईंनी खाली 'छान' लिहिलं. मी दोन दिवस हवेत होते.

ऑक्टोबरमध्ये बाई म्हणाल्या, जुने तुकडे पुन्हा ऐका, म्हणजे आपण किती पुढे आलो ते कळेल. त्याच आठवड्यात मी एका बाईचा केकचा व्हिडिओ बघत होते. ती पीठ फेटताना पुन्हा पुन्हा म्हणत होती, गाठी राहू देऊ नका. गाठीला तिचा शब्द होता 'लंप'. मी तो पाठ केला. आणि मग जूनचा तो निरोप लावला.

लॅम्प नव्हता, आई. लंप होता. गाठ. आणि जिथे मी रेघ मारली होती, तिथे 'क्लिनिक' होतं.

आता तेच सगळं पुन्हा वाच. परत पाठवायचं होतं ते दिव्याला नाही, तुला. जूनमध्ये तुझी सहामाही तपासणी झाली होती. तू कळवलं होतंस, "मॅडम सोबत आली होती, डॉक्टरशी तीच बोलली. सगळं ठीक आहे."

मी चुकत असेन असं मला फार वाटत होतं. तसं वाटावं म्हणून मी तो तुकडा किती वेळा ऐकला, मोजलं नाही. शेवटी बाईंकडे गेले. त्यांनी कानाला लावून तीनदा ऐकला. मग म्हणाल्या, "हा आवाज कुणाचा?"

"मॅडमचा."

"आणि हसतेय ती?"

"माझी आई."

जूनचा माझा कागद त्यांनी शोधून काढला. मग म्हणाल्या, "मी याच्याखाली 'छान' लिहिलं होतं, वेनिंग. मी ऐकलंच नव्हतं. तुझं व्याकरण तेवढं बघितलं."

मग बाबांना सांगितलं. तुला हे सांगणार नव्हते, पण सांगते. ते दाराला रंधा मारत होते. हात न थांबवता म्हणाले, "तुला पक्कं माहीत आहे? शंभर टक्के?"

"नव्वद."

"मग त्या दहासाठी गप्प बस. ती तिथे एकटी आहे. तुझ्या अर्धवट इंग्रजीने तिचा जीव घाबरा करशील. फेब्रुवारीत करार संपतोय, ती येईल, तेव्हा बघू."

"पाच महिने झालेत, बाबा!"

"म्हणून तर म्हणतोय," असं म्हणाले. दाराची ती फळी त्यांनी इतकी तासली की वाया गेली.

म्हणून हे पत्र त्यांच्यापासून लपवून लिहितेय. गाठ कुठे आहे, ते मॅडम म्हणाली नाही. तू स्वतःला चाचपून बघ. आणि मॅडमसमोर उभी राहून हे म्हण, मी उच्चार आपल्या अक्षरांत देते: "मॅडम, प्लीज शो मी माय मेडिकल रिपोर्ट. आय वॉन्ट टू सी द डॉक्टर अगेन." रोज दहादा म्हण. 'रिपोर्ट'चा 'ट' गिळू नकोस.

मी चुकले असेन तर मला हवं ते बोल. मला चुकायचंच आहे.

तुझी,
वेनिंग

•

सिंगापूर
रविवार, १७ नोव्हेंबर

वेनिंग, माझ्या बाळा,

आशीर्वाद. आजीला सांग, बाजारात जायचं तर काठी घेऊन जा. सार्मीने पत्र दिलं. बागेत बाकी सगळ्याजणी सोयाबीनचं टेम्पे तळून आणून खात होत्या, गाणी लावली होती. मी झाडामागे जाऊन वाचलं.

तू चुकली नाहीस. मी चुकले.

गाठ डाव्या छातीत आहे. मला मे महिन्यात अंघोळ करताना लागली होती, शेंगदाण्याएवढी. आणि जूनमध्ये मॅडम फोनवर जे बोलली, ते मलाही कळलं होतं. हो, कळतं मला. तुझ्याइतकं नाही. मॅडमच्या म्हाताऱ्या सासूला टीव्ही लावून देते ना, खाली अक्षरं येतात, ती वाचत वाचत शिकले. कुणाला सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी सार्मी म्हणाली होती, "समजत नाही असंच दाखव. समजतं म्हटलं की उत्तर द्यावं लागतं." ते मला पटलं होतं.

मॅडमचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी तुझ्यासाठी निरोप बोलत होते. तू मागचं ऐकतेस, हे मला माहीत होतं. म्हणून मोठ्याने हसले. पपईत हसण्यासारखं काय होतं, सांग?

तू विचारशील, का? करार पुरा करायचा होता म्हणून, तुझ्या शिक्षणासाठी म्हणून, असं लिहिलं तर तू रडशील आणि मला माफ करशील. पण ते खरं नाही. मी घाबरले होते. माझी आई याच दुखण्याने गेली, तुला माहीत आहे. ते इंग्रजीत होतं तोवर मॅडमचं होतं, तिच्या फोनमधलं होतं. मी ते आपल्या भाषेत मनातसुद्धा म्हटलं नाही. तुझ्या पत्रात 'गाठ' वाचलं, तेव्हा ती माझी झाली.

सोमवारी सकाळी मॅडम टोस्ट खात होती, साहेब बूट घालत होते. तुझं वाक्य मी रात्रभर म्हटलं होतं, पण समोर गेल्यावर सगळं सांडलं. मी म्हटलं, "मॅडम, माय बॉडी. आय गो डॉक्टर टुडे."

मॅडमच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. "कोण बोललं तुला?"

मी इंग्रजीतच सांगितलं, जून महिन्यात तुम्हीच बोललात, फोनवर, इथे उभ्या राहून.

"तुला कळतं? सगळं?"

"सगळं नाही. पुरेसं."

बाळा, तिचा चेहरा बघायला हवा होतास. दोन वर्षांत माझ्या देखत काय काय बोलली असेल, ते सगळं ती आठवत होती. मग म्हणाली, "मी सांगणारच होते. आईंकडे कोण बघणार म्हणून थांबले. तू गेलीस तर त्या दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत, तुला माहीत आहे." आणि रडायला लागली. म्हातारी खरंच खात नाही. साहेब तिला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घेऊन जा," आणि ऑफिसला न जाता म्हातारीजवळ बसले.

मॅडम वाईट बाई आहे का, ते मला ठरवता येत नाही. दवाखान्यात तिने माझी पिशवी धरली होती. ती मी तिच्याकडून काढून घेतली.

सुईने तपासणी झालीय. निकाल पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, घरच्यांपैकी कुणी बोलणारं असेल तर फोनवर घ्या. मी तुझं नाव दिलं. माझ्या इंग्रजीवर तू हसू नकोस.

तुझ्या बाबांवर चिडू नकोस. त्यांनाही तेच झालं होतं जे मला झालं.

आई

•

बालोंग
रविवार, ८ डिसेंबर

प्रिय आई,

ऑपरेशननंतर तू पेज खाल्लीस हे सार्मीमावशीकडून कळलं. आता फोन रात्रीही तुझ्याजवळ असतो, तरी लिहितेय. फोनवर मी रडते आणि तू विषय बदलतेस.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट आधी सांगते. माझं ते पहिलं पत्र तुझ्यापर्यंत पोचणारच नव्हतं. त्या मंगळवारी मी कॉलेजातून धावत आले, तोवर मावशीची बस सुटली होती. मी अंगणात पत्र हातात घेऊन उभी. बाबांनी बघितलं. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी हात पुढे केला, "आण इकडे," म्हणाले आणि अंगावरच्या भुशासकट मोटारसायकलवर बसले. बस त्यांनी माडिउनच्या रस्त्यावर गाठली, आडवी घातली गाडी. ड्रायव्हरने शिव्या घातल्या. खिडकीतून पत्र देऊन आले, तेव्हा पहिल्यांदा मला म्हणाले, "ऐकव तो तुकडा." ऐकला आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. पण ती अशी कधी हसत नाही. हे मला जूनमध्येच कळायला हवं होतं."

आता त्या सोमवारचं. निकालाच्या दिवशी डॉक्टर पडद्यावर आले, शेजारी तू. हार्तिनीबाईंनी त्यांची खोली मला दिली होती आणि स्वतः दाराबाहेर बसल्या होत्या. डॉक्टर सावकाश बोलत होते. कॅन्सर, ऑपरेशन, पुढची औषधं. एकेक वाक्य मी तुला आपल्या भाषेत देत होते. मग ते म्हणाले, जूनमध्ये आल्या असत्या तर गाठीपुरतंच होतं. आता काखेत उतरलंय.

आणि मी थांबले. ते वाक्य मला पुरतं कळलं होतं, आई. एकही शब्द गिळलेला नव्हता. सात-आठ महिने रोज बसून मी ज्यासाठी कान तयार केले, ते हे वाक्य. माझ्या मनात आलं, हे सोडून देऊ. पुढचं सांगू. म्हणजे मी तेच करणार होते, जे मॅडमने केलं, तू केलंस, बाबांनी केलं.

तू माझ्याकडे बघत होतीस. म्हणालीस, "मला कळलंय ते काय म्हणाले. पण तू सांग. आपल्या बोलीत सांग."

मी सांगितलं. काखेत उतरलंय, असंच सांगितलं. तू मान हलवलीस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "ओके. वेन ऑपरेशन?"

हार्तिनीबाईंनी सत्र संपताना लिहायला सांगितलंय, स्वतःच्या अभ्यासातून काय मिळवलंत? सगळे दोन दोन पानं लिहितायत. मी कोरा कागद दिला. बाई म्हणाल्या, "राहू दे. जानेवारीत दे."

जानेवारीत तू येशील. बाबा आणि मी सुराबायाच्या विमानतळावर येऊ, आजी ऐकणार नाही, तीही येईल. पुढची औषधं तिथल्या मोठ्या दवाखान्यात. मी चौकशी केलीय, बाबांनी राहायला खोली बघितलीय. डॉक्टर आपल्या भाषेत बोलतील. त्यांना काय विचारायचं, ते तू ठरव.

मी तुझ्यावर रागावलेय. फोनवर नाही म्हणता येत म्हणून इथे म्हणते. मे महिन्यापासून रागावलेय, तेव्हा मला माहीतही नव्हतं तरी. हा राग जायला वेळ लागेल. तेवढा वेळ तुला राहावं लागेल, आई.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझी वाट बघणारी,
वेनिंग