झाडाच्या छातीचं माप

३ मार्च
माफ कर गं वही, फार दिवसांनी उघडतोय तुला. जंगलात होतो! मी, जन्मभर मशीनपुढे वाकलेला शिंपी, जंगलात! पोरीचा मदतनीस तापाने आडवा झाला. ती म्हणाली, "बाबा, तुमचा हात टेपेवर बसलाय. चला." गेलो. मी माप बोलायचो, ती लिहायची.

ही पोर नेमकं काय करते, अजून नीट उमगलेलं नाही. झाड म्हणे हवेतला कार्बन ओढतं, खोडात साठवतं. खोड किती जाडावलं, त्यावरून साठा काढायचा. जगभरच्या जंगलांत असंच मोजतात, वर आकाशातूनही बघतात. माप छातीच्या उंचीवर घ्यायचं. झाडाला छाती! म्हटलं, "बाही कुठे लावू?" खूप हसली.

पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी मापं घेतली, त्याच्या रंगाच्या खुणा खोडांवर आहेत. टेप बरोबर त्या खुणेवरच धरली. चूक नको व्हायला. झाली नसेल ना? मला आपली धास्ती.

९ मार्च
गुडघे अजून ठणकतात.

१४ मार्च
पोरीचा फोन. "बाबा, वाटलं होतं त्याच्या दुप्पट वाढलंय जंगल!" तिचे साहेब खूश. मीही व्हायला हवं. पण मन घेईना. मला ती झाडं मरगळलेली वाटली होती, शेंडे वाळलेले. आजारी माणूस अंगाने भरतो कसा?

हिला, पोरीच्या आईला, बोललो. "ती शिकलेली जास्त की चौथीत शाळा सोडलेले तुम्ही? गप्प बसा." मशीन चालवायला बसलो.

१९ मार्च
आता हे नवीनच! साहेब म्हणतात, जंगल इतकं सुधारलंय, तर नदीपलीकडची तोड पुन्हा सुरू करायला हरकत नाही. परवा दुपारी बैठक. आकडे पोरीनेच मांडायचे. आवाज पडला होता तिचा. "मला नको आहे ही तोड, बाबा. पण आकडे तसं सांगतात, मी काय करू?"

जंगल वाढलं म्हणून जंगल तोडायचं — हा कुठला न्याय? डोकं भणभणतंय.

२० मार्च
असल्या बैठकांत घालायला मागेच शिवून धाडलेला कोट आज तिला पोचला. फोनवर ओरडली, "बाबा, यात अजून एक जण मावेल!"

हिने फोन ओढून घेतला. "अगं, टेपेखाली दोन बोटं सरकवायची सवय यांची मेल्यावर तरी सुटेल का? अख्खं घर ढगळ घालून फिरतंय!"

मायलेकी हसून हसून बेजार. हसा! माणसाला श्वास घ्यायला जागा नको? माझ्या उस्तादांनी तसंच शिकवलंय. हात आपोआप जातो.

२१ मार्च
कात्री खाली ठेवली. बोटांकडे बघत बसलो.

झाडांनाही घातली होती. एकूण एक खोडाला. टेपेखाली दोन बोटं! मागच्याने टेप घट्ट धरली असणार. जंगल नाही वाढलं — माझी बोटं मोजली गेली त्यात!

फोन लावतोय, लावतोय. बंद. ही म्हणते, बैठकीआधी बंदच ठेवते ती.

पोरी, तोंड उघडण्याआधी एकदा फोन उघड. आकडे मांडू नकोस. लवकर कर गं, लवकर.